धनुष्य कोणत्या कंपनीचं घ्यायचं?

आमच्या घरात गेले दोन महिने एका खरेदीवर चर्चा चालू होती. फ्रिज नाही, स्कूटी नाही, धाकटीच्या क्लासची फीसुद्धा नाही. धनुष्य! तेही साधं नाही. कंपाउंड धनुष्य, ज्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात आणि ज्याची किंमत ऐकून आजी म्हणाली, "एवढ्या पैशात घरावर अजून एक खोली चढली असती."

धाकटी म्हणजे माझी चुलतबहीण. अकरावीत आहे. आम्ही भिलाईत राहतो. आजोबा भंडारा जिल्ह्यातून स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. आता काका प्लांटमध्ये आहेत. वर काका-काकू आणि धाकटी, खाली आम्ही. धाकटी तीन वर्षं बांबूच्या धनुष्यानं सराव करते आहे. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा गट असतो, त्यात हे बांबूचं धनुष्य चालतं. यंदा तिचे सर म्हणाले, पोरीचा हात स्थिर आहे, तिला कंपाउंडवर आणा.

मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, आता घरून काम करते. योगायोग असा, की त्याच महिन्यात माझ्याकडे एका परदेशी क्लायंटचं काम आलं. विषय होता, शिकारीसाठी कंपाउंड धनुष्य कोणत्या कंपनीचं घ्यावं. म्हणजे दिवसा मी अमेरिकेतल्या शिकाऱ्याला सल्ला लिहायचे आणि रात्री जेवताना काका विचारायचे, "तू दिवसभर हेच वाचतेस ना गं? मग सांग, आपण कोणतं घ्यायचं?"

वस्तू एक, पण प्रश्न दोन. दोन्ही प्रश्नांनी मला बरंच शिकवलं. कुणाच्या घरात मुलाला किंवा मुलीला तिरंदाजीची आवड लागली असेल, तर त्यांना यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

चाकांचं धनुष्य म्हणजे काय?

कंपाउंड धनुष्य काही फार जुनं नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. धनुष्य हजारो वर्षांचं, पण त्याला चाकं लागून अजून साठ वर्षं झाली, एवढंच.

त्या चाकांना कॅम म्हणतात. ती पूर्ण गोल नसतात, लंबगोल किंवा वेड्यावाकड्या आकाराची असतात, आणि सगळी गंमत त्यातच आहे. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढाल तितकी ती जड होत जाते. शेवटी नेम धरायच्या वेळीच हात थरथरतो. कंपाउंडचं उलटं आहे. दुकानाचं शटर आठवा. उघडताना सुरुवातीला जोर लावावा लागतो, एका जागेनंतर ते हलकं होतं. तसंच इथे. ५० पौंडाचं धनुष्य ओढताना मध्ये एकदा पूर्ण ५० पौंडांचा जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की कॅम फिरतात आणि हातावर साधारण १२-१३ पौंडच उरतात. म्हणजे सहा किलोच्या आसपास. या सवलतीला 'लेट-ऑफ' म्हणतात. त्यामुळे नेम धरायला शांतपणे वेळ मिळतो.

या धनुष्याला दुर्बिणीसारखं भिंग असलेलं साइट असतं. दोरीत डोळ्यासमोर येणारं छोटं भोक असतं, त्याला पीप म्हणतात. दोरी बोटांनी सोडत नाहीत, 'रिलीज' नावाच्या छोट्या यंत्रानं सोडतात. ताकदवान धनुष्यातून बाण सेकंदाला ३०० फुटांहून जास्त वेगानं सुटतो. ताशी किलोमीटरमध्ये मोजलं तर तो वेग सव्वातीनशेच्या पुढे जातो.

स्पर्धेत कंपाउंडचं अंतर ५० मीटर असतं. रेल्वेचे दोन डबे एकामागे एक उभे करा, जवळपास तेवढं. त्या टोकाला दहा गुणांचं जे वर्तुळ असतं, ते फक्त ८ सेंटीमीटरचं. एखाद्या पुरीपेक्षा थोडं लहान! एवढं समजल्यावर आजीनं खोलीचा विषय काढणं बंद केलं. ती फक्त म्हणाली, "मग चष्मा तपासून घ्या पोरीचा."

नावं मोठी, पण भांडण छोटं

आता कंपन्यांकडे येऊ. या बाजारातली बहुतेक मोठी नावं अमेरिकेची आहेत. हॉयट ही जुनी कंपनी. अर्ल हॉयट यांनी १९३१ मध्ये सुरू केली, आता युटा राज्यात आहे. बेअर आर्चरी फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये सुरू केली. पीएसई पीट शेपली यांची, ॲरिझोनातल्या टूसॉनची. मॅथ्यूज त्यामानानं तरुण. विस्कॉन्सिनमधली ही कंपनी १९९२ मध्ये मॅट मॅकफर्सन यांनी सुरू केली आणि ती एकाच कॅमच्या धनुष्यामुळे गाजली. बोटेक ऑरेगनची.

कामासाठी मी या सगळ्यांची वैशिष्ट्यं वाचली. कुणी म्हणतं आमचं धनुष्य सगळ्यात कमी आवाज करतं. कुणी म्हणतं आमचा मधला दांडा कार्बनचा, म्हणून हलका आणि थंडीत हाताला गार लागत नाही. कुणी म्हणतं आमचे कॅम घरच्या घरी जुळवता येतात. वाचता वाचता मला आमच्या शेजारच्या दोन काकूंचं मिक्सरवरचं भांडण आठवलं. एकीचा एका कंपनीचा, दुसरीचा दुसऱ्या कंपनीचा, आणि चटणी दोघींची सारखीच बारीक!

चांगल्या कंपन्यांच्या एकाच किमतीच्या धनुष्यांमध्ये खरंच फार मोठा फरक नसतो. जो असतो तो सरावलेल्या हाताला कळतो. नव्या माणसाचा नेम कंपनीमुळे चुकत नाही. तो चुकतो दोरी शरीराच्या मापाची नसल्यामुळे, वजन झेपत नसल्यामुळे, किंवा सराव नसल्यामुळे.

खरा फरक दोन कंपन्यांमध्ये नसून एकाच कंपनीच्या दोन प्रकारांमध्ये असतो. एक शिकारीचं धनुष्य आणि एक निशाण्याचं. आमच्या घरातली सगळी चर्चा इथेच येऊन अडकली होती.

काकांना सापडलेलं स्वस्त धनुष्य

निशाण्याच्या नव्या धनुष्याचा पूर्ण संच, म्हणजे धनुष्य, साइट, भिंग, रिलीज, तोल सांभाळणारे दांडे, डझनभर बाण आणि पेटी धरून, आम्हाला अडीच ते तीन लाखांच्या घरात सांगितला गेला. तीन स्कूट्या! काकांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायची तयारी केली होती, पण काकूंचा जीव वर-खाली होत होता. बारावी तोंडावर, आणि खेळ सोडून दिला तर?

अशात काकांना साठ-सत्तर हजारांत एक धनुष्य सापडलं. मोठ्या कंपनीचं, सगळं सामान आत, बाणसुद्धा. रंग पानांच्या नक्षीचा, जंगलात लपायला बरा. काका खूश. "कंपनी तीच, चाकं तीच, मग चौपट पैसे कशाला?"

प्रश्न रास्त होता. आणि नेमकं त्याच धनुष्याबद्दल मी कामासाठी लिहीत होते, त्यामुळे उत्तर मला सापडलं.

शिकारीचं धनुष्य झाडाझुडपांत घेऊन फिरायचं असतं. अमेरिकेत शिकारी झाडावर बांधलेल्या मचाणावर तासन्‌तास बसून राहतो. तिथे लांब धनुष्य फांद्यांना अडकतं. म्हणून शिकारीचं धनुष्य आखूड असतं, दोन चाकांमधलं अंतर साधारण २८ ते ३३ इंच. अंतर कमी, बहुधा २०-३० मीटर. बाण एकच मारायला मिळतो. म्हणून जोर जास्त, ६० ते ७० पौंडांचा, आणि आवाज कमी.

निशाण्याचं धनुष्य मोकळ्या मैदानात उभं राहून वापरायचं असतं. ते लांब असतं, साधारण ३६ ते ४० इंच. लांब धनुष्य हातात स्थिर राहतं, हात किंचित हलला तरी माफ करतं. आखूड धनुष्य तसं माफ करत नाही. निशाण्याचं धनुष्य जडही असतं आणि पुढे-बाजूला दांडे लावून त्याचा तोल बांधतात. हॉयटचं 'इन्व्हिक्टा', पीएसईचं 'सुप्रा', मॅथ्यूजचं 'टायटल' ही निशाण्याच्या जातीची नावं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडचा जोर ६० पौंडांहून जास्त चालत नाही, त्यामुळे ७० पौंडांचा गाजावाजा आपल्या मुलांच्या काही कामाचा नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शिकारीच्या धनुष्यानं निशाण्याचा सराव करताच येत नाही, असं नाही. नवशिक्यांसाठीची काही धनुष्यं, उदाहरणार्थ बेअरचं 'क्रूझर' किंवा डायमंडचं 'इन्फिनिट एज', ५ पौंडांपासून ७० पौंडांपर्यंत जुळवता येतात आणि वाढत्या वयाच्या मुलांना बरीच वर्षं पुरतात. फक्त आवड म्हणून, सुट्टीच्या दिवशी मैदानावर जायचं असेल, तर ते पुरेसं आहे. पण धाकटीला राज्याच्या संघात जायचं आहे. दिवसाला शंभर-दीडशे बाण, तेही ५० मीटरवर. तिच्यासाठी ते स्वस्त धनुष्य वर्षभरात अपुरं पडलं असतं, आणि मग दुसरं घ्यावंच लागलं असतं.

गावाहून आलेला फोन

घरात धनुष्याची बोलणी चालू आहेत, हे नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. गावाहून आतेभावाचा फोन आला. त्याची धानाची शेती जंगलाला लागून आहे. दरवर्षी रानडुकरं बांध्यांमध्ये घुसतात आणि एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत लोळवून जातात. त्यानं सरळ विचारलं, "रानडुकराले चालन का ते धनुष्य? बंदुकीवानी आवाज तं येत नाही."

त्याच्या प्रश्नात गंमत नव्हती, वैताग होता. पण उत्तर स्पष्ट आहे, आणि आपल्या देशात ते सगळ्यांना माहीत असायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वन्य प्राण्याच्या शिकारीला बंदी आहे, हत्यार कोणतंही असो. बंदूक, फास, विजेची तार किंवा धनुष्य, कायद्याला सगळं सारखं. नुसतं मारणं नाही, मारायचा प्रयत्न करणं, जखमी करणं, पकडणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची कैद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशानं देतो. आपली आपण घ्यायची गोष्ट नाही ती.

मी त्याला आणखी एक सांगितलं. बाण गोळीसारखा काम करत नाही. तो रक्तस्रावानं मारतो. नेम चार बोटं चुकला, तर जनावर बाण घेऊनच पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. आणि जखमी रानडुक्कर परत फिरलं, तर समोरच्या माणसाचं काय होतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नुकसान झालं की वनविभागाला लगेच कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाईचा अर्ज भरायचा, हा रस्ता लांबचा आहे. पण तोच रस्ता आहे. अर्ज भरायला मी त्याला फोनवरून मदत केली. त्याचा वैताग त्यानं गेला, असं मी म्हणणार नाही.

तुम्ही विचाराल, मग तू अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी कशी लिहितेस? हा प्रश्न मलाही पडला होता. भिलाईच्या मैत्रीबागेत पांढरा वाघ बघत मोठी झालेली मी, मला शिकार म्हटलं की पोटात कसंतरी होतं. पण वाचल्यावर कळलं, की तिथे शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, किती जनावरं मारायची याला मर्यादा असते. अनेक राज्यांत हरणासाठी धनुष्याचा जोर किमान ३५-४० पौंड हवा, असा नियम आहे, म्हणजे जनावर नुसतं जखमी होऊन पळू नये. १९३७ च्या एका कायद्यानं शिकारीच्या सामानावरचा कर वन्यजीवांच्या जपणुकीसाठी राखून ठेवला जातो. पुढे धनुष्य-बाणांवरही तो लागू झाला.

त्यांची जंगलं वेगळी, त्यांचा हिशेब वेगळा. आपला हिशेब आपल्या इतिहासातून आला आहे. आमच्याच छत्तीसगडमधल्या कोरियात १९४७ मध्ये तीन चित्ते बंदुकीनं मारले गेले. देशातले ते शेवटचे चित्ते समजले जातात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर झालं. एवढं गमावून झाल्यावर आपल्याकडे शिकारीचं दार बंद झालं. मी माझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की तुमच्या देशाचा कायदा आधी वाचा आणि मग धनुष्य निवडा. क्लायंटनं ते वाक्य तसंच ठेवलं, याचा मला आनंद आहे.

इथल्या मातीतलं धनुष्य

छत्तीसगडमध्ये धनुष्य काही नवीन नाही. बस्तरमध्ये आणि सरगुजाच्या डोंगरांत ते पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंतीवर टांगलेलं असतं. १९१० मध्ये बस्तरमध्ये गुंडाधूर यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध भूमकाल झाला, तेव्हा लोकांच्या हातात धनुष्य-बाणच होते. आज राज्य सरकार तिरंदाजीसाठी जो सन्मान देतं, तो बस्तरचे महाराजा प्रवीरचंद्र भंजदेव यांच्या नावानं आहे. बिलासपूर जिल्ह्यात अचानकमारच्या जंगलाजवळ शिवतराई नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांनी तिरंदाजीत इतकी पदकं मिळवली, की ते गाव तिरंदाजांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. जे हात पूर्वी जंगलात नेम धरायचे, त्यांची नातवंडं आता कागदाच्या वर्तुळावर नेम धरतात. मला हा बदल फार आवडतो.

आणि आपल्या महाराष्ट्राचं काय सांगू! कंपाउंडमध्ये तर मराठी मुलांनी जग जिंकलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला. अंतिम फेरीत त्यानं १५० पैकी १५० गुण मिळवले. पंधरा बाण आणि पंधराही त्या पुरीएवढ्या वर्तुळात! दोघांनी साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे सराव केला. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचच्या पाच सुवर्णपदकं भारतानं घेतली. पुरुष संघात ओजसबरोबर बुलढाण्याचा प्रथमेश जावकरही होता.

नागपूर आमच्यापासून रेल्वेनं चार-पाच तासांवर. तिथला मुलगा जगात पहिला येतो, म्हणजे आपल्या धाकटीनंही स्वप्न बघायला हरकत नाही, हे काकांचं म्हणणं. पण काकूंनी दुसरी बाजू धरली. अदितीचे वडील सरकारी शाळेत गणित शिकवतात. लेकीच्या सामानासाठी त्यांना कर्ज काढावं लागलं होतं. पदक मिळालं की सगळे टाळ्या वाजवतात, पण हप्ते घरच भरतं. काकूंचं हे बोलणं कुणालाच खोडता आलं नाही.

पूर्वी आणखी एक अडचण होती. ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकाचं धनुष्य होतं. कंपाउंडवाल्यांना ते दार बंदच. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार आहे. एकच पदक, पण दार उघडलं. हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदा विचारलं, "बरं, मग कमीत कमी कितीत होईल?"

आम्ही शेवटी काय केलं

सरांनी मार्ग काढला. त्यांच्याकडे सराव करणाऱ्या एका मोठ्या मुलीनं नवं धनुष्य घेतलं होतं. तिचं जुनं निशाण्याचं धनुष्य विकायचं होतं, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. जोर ४० ते ५० पौंडांत जुळवता येणारा. सर म्हणाले, आधी महिनाभर चालवून बघा, मग पैसे द्या.

घेण्याआधी आम्ही काय काय तपासलं, ते सांगते. तुम्हालाही उपयोगी पडेल.

१. माप. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत अंतर मोजायचं आणि अडीचनं भागायचं. धाकटीचं अंतर ६३ इंच आलं, म्हणजे दोरीची ओढ साधारण २५ इंच. आजीनं शिवणाची टेप धरली होती! हा अंदाज असतो, शेवटचं माप सरच ठरवतात. पण धनुष्याचे कॅम त्या मापाला जुळतात का, हे आधी बघायचं.

२. वजन. खुर्चीवर बसून, धनुष्य आकाशाकडे न उचलता, दोरी सरळ मागे ओढता आली पाहिजे. झटके द्यावे लागले तर जोर जास्त आहे. हट्टानं जड धनुष्य ओढलं तर खांदा दुखावतो, आणि खांदा गेला की खेळ गेला.

३. तडे. पात्यांवरून कापसाचा बोळा हळूच फिरवायचा. कापूस कुठे अडकला, तर तिथे बारीक तडा किंवा कुसळ असू शकतं. दोरीचे धागे सुटलेत का, चाकं वाकली आहेत का, तेही बघायचं.

४. दुरुस्ती. कंपाउंडची दोरी हातानं काढता-घालता येत नाही. त्यासाठी बो प्रेस नावाचं यंत्र लागतं. ते आणि ते वापरणारा माणूस आपल्या शहराजवळ कुठे आहे, आणि त्या कंपनीची दोरी, सुटे भाग मिळायला किती दिवस लागतात, हे विचारायचं. कुकर घेताना त्याची रिंग कुठे मिळते हे आपण बघतोच की! आमच्याकडे शेवटी कंपनी या एका प्रश्नावर ठरली. सरांना ज्या कंपनीचं धनुष्य उघडून जुळवता येतं, ती कंपनी आमच्यासाठी सगळ्यात चांगली.

५. उरलेले पैसे. सगळे पैसे धनुष्यात घालायचे नाहीत. बाण तुटतात, हरवतात. स्पर्धेला जायला तिकीट लागतं, राहायला जागा लागते. खुराक लागतो. आम्ही वाचलेली रक्कम त्यासाठी वेगळी ठेवली आहे.

आणि घरच्यांसाठी दोन नियम. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. रिकामी दोरी सुटली, तर सगळा जोर धनुष्यालाच बसतो आणि ते तुटून माणसालाही लागू शकतं. त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना 'बघू बघू' म्हणून ओढायला द्यायचं नाही, अगदी मामा असला तरी! दुसरं म्हणजे, उन्हाळ्यात बंद गाडीत धनुष्य ठेवायचं नाही. मे महिन्यातल्या भिलाईच्या उन्हात बंद गाडीची भट्टी होते, आणि दोरी, पाती दोन्ही बिघडतात.

महिना झाला. धाकटीचे पहिले आठ दिवस वाईट गेले. बांबूवर जो नेम बसला होता, तो चाकांवर बसेना. रिलीज दाबताना ती दचकायची. एके दिवशी चिडून म्हणाली, "ताई, तुझ्या त्या मोठ्या कंपनीचं नवं असतं तर असं झालं नसतं." मी काही बोलले नाही. सरांनी तिला लक्ष्यापासून पाच मीटरवर उभं केलं आणि दोन आठवडे डोळे मिटून बाण सोडायला लावले, नेम न धरता, फक्त हात आणि श्वास. परवा ५० मीटरवर तिचे सहातले चार बाण पिवळ्यात होते. धनुष्य तेच होतं.

काकांनी त्या दिवशी पैसे चुकते केले. काकूंनी बारावीच्या अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे. त्यात संध्याकाळचे दोन तास मोकळे सोडले आहेत आणि तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, 'मैदान'.

कुणी मला आता विचारलं, की धनुष्य कोणत्या कंपनीचं घ्यावं, तर मी उलट चार प्रश्न विचारते. कशासाठी हवं आहे? कुणाच्या हातात जाणार? बिघडलं तर कोण बघणार? आणि रोज शिकवणार कोण? या चारांची उत्तरं मिळाली, की कंपनीचं नाव बहुतेक आपोआप ठरतं.